लिनॅक मशीन आलं, पण ते चालवायचा पैसा कोण देणार?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सरकारी दवाखान्यात कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारं नवीन लिनॅक मशीन आलं, इतक्या कोटींचं, अमुक मंत्र्यांच्या हस्ते लोकार्पण झालं, अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, कारण माझी अख्खी नोकरी रेडिओथेरपीत गेली, आधी कोबाल्टवर, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्टमधून किरण देणाऱ्या जुन्या मशीनवर, आणि मग विजेवर किरण तयार करणाऱ्या लिनॅकवर. बातमी वाचून आनंद होतो, अगदी मनापासून होतो. पण मी जे शोधत असते ते त्यात कधीच सापडत नाही. या मशीनचा मेंटेनन्स कोण भरणार, किती वर्षं भरणार, चालवायला माणसं नेमलीत का, आणि दहा-बारा वर्षांनी हे मशीन थकलं की दुसरं आणायला कुणी पैसा बाजूला ठेवलाय का. हे पत्र त्याबद्दल आहे. जरा लांबलंय, पण अर्धवट लिहून उपयोग नाही म्हणून सगळं लिहितेय.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅन्सरच्या साधारण निम्म्या पेशंटना कधी ना कधी रेडिएशन लागतं. आपल्याकडे तोंडाचा, घशाचा आणि बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर भरपूर, आणि या सगळ्यात रेडिएशन हा मुख्य उपचार असतो, वरवरचा नाही. खेड्यातले लोक त्याला लाईट घेणं म्हणतात, कुणी शेक म्हणतं. केमोला पेशंट तीन आठवड्यांतून एकदा आला तरी बऱ्याचदा भागतं, पण लाईट म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज, असं पाच ते सात आठवडे. त्यामुळे मशीन किती लांब आहे आणि ते रोज चालू आहे का, या दोन गोष्टींवर पेशंटचं सगळं अवलंबून असतं. केंद्राने 2025-26 च्या बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर केलं, चांगलीच गोष्ट आहे, त्याने केमोची पायपीट वाचेल. पण लाईट घेणाऱ्याला गाठोडं बांधून शहरातच यावं लागणार आहे, महिना-दीड महिना धर्मशाळेत नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यात काढावा लागणार आहे, आणि तेवढे दिवस घरातल्या एकाची मजुरी बुडणार ती वेगळीच.

आता पैशाचं. रेडिओथेरपी हे पहिल्यापासून सरकारी पैशावर वाढलेलं शास्त्र आहे, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. कोबाल्टने पेशंटला उपचार करणं सुरू झालं 1951 साली कॅनडात, आणि त्यासाठीचं कोबाल्ट-60 तयार झालं होतं चॉक रिव्हरच्या सरकारी अणुभट्टीत. लिनॅकवर पहिला पेशंट घेतला 1953 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये, तेही सरकारी पैशातूनच. आपल्याकडे चेन्नईच्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये 1957 साली कोबाल्ट आलं, ते कॅनडाने भेट दिलेलं. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 चं, ट्रस्टने बांधलेलं, पण 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. होमी भाभांच्या काळातला हा निर्णय. त्यामुळे टाटाच्या डॉक्टरांच्या शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राचे (बीएआरसी) फिजिसिस्ट उभे राहिले, आणि आज या देशात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रेडिएशनच्या डोसचा हिशेब आणि मशीनची मापं सांभाळणारे, म्हणून जे काम करतात त्यातले कितीतरी बीएआरसीच्या डिप्लोमातून शिकून बाहेर पडलेले आहेत. असं काही बाजारातून उभं राहिलं नसतं. मशीन विकत घेता येतं, माणसं घडवायला पिढी जाते.

1975-76 मध्ये राष्ट्रीय कॅन्सर नियंत्रण कार्यक्रम आला आणि केंद्राच्या अनुदानातून प्रादेशिक कॅन्सर केंद्रं आणि मेडिकल कॉलेजांत कोबाल्टची युनिटं बसत गेली. माझ्या पिढीचे टेक्निशियन त्या युनिटांवरच शिकले. कोबाल्टचं एक वैशिष्ट्य असतं, ते कधी दगा देत नाही. वीज थोडी खालीवर झाली, एसी बंद पडला, तरी ते चालतं, कारण किरण त्या सोर्समधून, म्हणजे आतल्या कोबाल्टमधून, आपोआप निघत असतात, आपण फक्त सोर्स पुढे आणायचा आणि मागे न्यायचा. पण सोर्स म्हातारा होतो. कोबाल्ट-60 चं अर्धआयुष्य 5.27 वर्षं, म्हणजे दर महिन्याला त्याची ताकद साधारण एक टक्क्याने उतरते. आम्ही दर महिन्याला नवा चार्ट लावायचो. नव्या सोर्सवर ज्या पेशंटला दोन मिनिटं लागायची त्यालाच पाच वर्षांनी चार मिनिटं लागायची. चार मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाही. पण तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट, चेहऱ्यावर घट्ट जाळीचा मास्क टेबलाला ठोकून बसवलेला, तोंडात लाळ साठतेय, गिळता येत नाही, हलायचं नाही, खोलीत तो एकटा आणि आम्ही बाहेर कॅमेऱ्यावर बघतोय, आणि हे एका बाजूने झालं की आत जाऊन ट्रेवरचे शिशाचे ब्लॉक बदलायचे, मशीन फिरवायचं आणि दुसऱ्या बाजूने परत तेवढंच, अशा वेळी एकेक मिनिट किती मोठं असतं ते मी पाहिलंय. हात वर करून मला बाहेर काढा म्हणणारे पेशंट असायचे. आणि प्रत्येकाचा वेळ दुप्पट झाला की दिवसाला होणारे पेशंट तेवढे कमी, वेटिंग लिस्ट तेवढी लांब.

सोर्स बदलायची वेळ कधी येणार हे मशीन बसवलं त्याच दिवशी सगळ्यांना माहीत असतं. पाच ते सात वर्षं. ते काही अचानक आलेलं संकट नाही. तरी मी ज्या एका दवाखान्यात होते तिथे सोर्सची फाईल फिरत राहिली, आधी या टेबलावर, मग त्या टेबलावर, मग आर्थिक वर्ष संपलं, मग नव्याने प्रस्ताव, मग क्वेरी. तोवर आम्ही रात्री उशिरापर्यंत पेशंट घेत होतो आणि तरी लोक परत पाठवावे लागत होते. कुणी पैसे खाल्ले नव्हते हो. कुणी वाईटही नव्हतं. फक्त त्या खर्चाला बजेटमध्ये स्वतःचं असं हेडच नव्हतं, तो दरवेळी नवीन मागणी म्हणून मागावा लागायचा. बैलजोडी थाटात घरी आणायची आणि वैरणीसाठी दरवर्षी पंचायतीपुढे हात जोडायचे, तसला प्रकार.

आपल्याच सरकारी संशोधनाने किती मोठं काम केलंय ते इथे सांगितलंच पाहिजे. एकेकाळी कोबाल्ट मशीन बाहेरून यायचं, पार्ट बाहेरून, इंजिनियर बाहेरून. मग बीएआरसीने भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट मशीन बनवलं. पहिलं युनिट टाटाच्याच खारघरच्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये लागलं, 2005 च्या सुमारास, आणि तंत्रज्ञान बंगळुरूच्या पॅनेशिया कंपनीला दिलं. आपल्या गरजा ओळखून केलेलं मशीन, कॉम्प्युटरवर चालणारं, लाईट गेली तरी बॅटरीवर उपचार चालू राहावेत अशी सोय असलेलं. खेड्यापाड्यातल्या लोडशेडिंगमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांनाच याची किंमत कळेल. त्याचा सोर्ससुद्धा आपलाच, राजस्थानच्या अणुवीज केंद्रात तयार होणारं कोबाल्ट अणुऊर्जा विभागाच्याच ब्रिट या संस्थेकडून येतं. हे मशीन भारताने पुढे व्हिएतनामला दिलं, केनियाला दिलं, मंगोलियाला दिलं. लिनॅकच्या बाबतीत पवईला आयआयटीच्या आवारातल्या समीर या केंद्र सरकारच्या संस्थेने तसंच केलं. त्यांनी बनवलेलं लिनॅक 1990 च्या सुमारास चंदीगडच्या पीजीआय या केंद्र सरकारच्या रुग्णालयात पेशंटसाठी वापरात आलं आणि पुढे केंद्राच्या जय विज्ञान मिशनमधून आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही लागलं. सेवाग्राम! वर्धा जिल्ह्यातल्या गावात, मुंबईत बनवलेलं, भारतीय लिनॅक. त्या काळी ही किती मोठी गोष्ट होती याची दखल कुणी फारशी घेतली नाही.

पण मग पुढे काय झालं? आज बहुतेक नवी लिनॅक येतात ती दोन-तीन परदेशी कंपन्यांची. ती मशीन उत्तम आहेत, त्यावर मी काम केलंय, तक्रार त्याबद्दल नाही. समीरने दाखवून दिलं होतं की आपल्याला जमतं. मात्र ते दाखवल्यावर पुढच्या आवृत्तीसाठी, पुढच्या सॉफ्टवेअरसाठी, दरवर्षी न चुकता पैसा लागतो आणि सरकारी ऑर्डरही लागतात, कारण दवाखाने घेणार नसतील तर कंपनी बनवणार कशाला. जगभरात मल्टीलीफ कोलिमेटर (किरणांना गाठीचा आकार देणाऱ्या सरकत्या पट्ट्या), आयएमआरटी (किरणांचा जोर जागोजागी कमीजास्त करून आजूबाजूचे अवयव वाचवणं), मशीनवरच सीटी स्कॅन करून मग किरण देणं हे सगळं झपाट्याने येत गेलं, आणि आपलं संशोधन एक मॉडेल झालं की थांबून पुढच्या मंजुरीची वाट बघतं. माझ्या मते इथे आपण संधी घालवली, अजूनही पूर्ण गेलेली नाही.

काही लोक म्हणतात गरीब पेशंटला कोबाल्ट पुरे, एवढं महागाचं मशीन कशाला. मी त्यांच्याशी अजिबात सहमत नाही, आणि माझ्याकडे टाटाचाच पुरावा आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या आणि ऑपरेशननंतर रेडिएशन लागणाऱ्या 300 बायकांवर ट्रायल केली. अर्ध्या बायकांना साधी थ्रीडी पद्धत, अर्ध्यांना इमेज बघून दिलेलं आयएमआरटी. 2021 मध्ये निकाल छापून आला. तीन वर्षांनंतर आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास थ्रीडीवाल्यांत 42 टक्क्यांच्या आसपास आणि आयएमआरटीवाल्यांत 21 टक्के. निम्म्यावर आला. आजार आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. आता ही बाई कोण असते? शेतावर जाणारी, शंभर जणांच्या नजरेसमोर उघड्यावर काम करणारी. तिला दिवसातून सात-आठ वेळा शौचाला जावं लागलं, रक्त पडायला लागलं, तर कॅन्सर बरा होऊनही ती कामावर परत जात नाही, नातेवाइकांकडे जात नाही, एसटीत बसायला घाबरते. नवं तंत्रज्ञान ही श्रीमंतांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी अशा एका बाईशी बोलावं. आणि ही ट्रायल सरकारी संस्थेत झाली हे लक्षात घ्या. एखादं महाग तंत्र खरंच कुणाच्या उपयोगाचं आहे आणि कुणाच्या नाही, हे तपासायला विक्रेता येणार नाही.

असंच एक उदाहरण इंग्लंडचं. ब्रेस्ट कॅन्सरला आम्ही पूर्वी पाच आठवडे लाईट द्यायचो, 25 वेळा. ते नंतर तीन आठवड्यांवर आलं. मग तिथल्या सरकारी संशोधन निधीतून चार हजारांवर पेशंटची फास्ट-फॉरवर्ड नावाची ट्रायल झाली, 2020 मध्ये तिचे पाच वर्षांचे निकाल आले आणि दिसलं की एका आठवड्यात पाच वेळा दिलं तरी तेवढंच परिणामकारक. विचार करा, आमच्याकडची एखादी बाई पाच आठवडे धर्मशाळेत राहायची तिला पाच दिवसांत घरी जाता येतं, आणि त्याच मशीनवर कितीतरी जास्त पेशंट होतात. आपल्या मशीनवरच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून कुठलीही कंपनी पैसे खर्च करून अभ्यास करणार नाही. हे काम सरकारी पैशाचंच. मात्र पाच दिवसांत एवढा जोरकस डोस द्यायचा तर मशीन अचूक हवं, प्लॅनिंग नीट हवं, फिजिसिस्ट हवा.

आणि इथे परत मेंटेनन्स येतो. लिनॅक कोबाल्टसारखं भोळं नाही. त्याला स्थिर वीज लागते, चोवीस तास एसी, चिलर, धूळ चालत नाही. मॅग्नेट्रॉन (मशीनला ताकद पुरवणारा भाग) जातो, मल्टीलीफच्या मोटारी जातात, कधी नुसतं पाण्याचं प्रेशर कमी झालं म्हणून इंटरलॉक (सुरक्षेसाठी आपोआप लागणारी अडकाठी) येतो आणि बीम निघत नाही. वॉरंटी असते तोवर कंपनीचा माणूस धावत येतो. वॉरंटी संपली की सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट लागतो आणि तो वर्षाला मशीनच्या किमतीच्या पाच ते दहा टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे कोट्यवधींच्या मशीनला वर्षाला कोट-दोन कोट सहज. हा आकडा फाईलवर बघितला की साहेब लोक दचकतात. मग कॉन्ट्रॅक्टला उशीर, मग बिघाड झाला की प्रत्येक पार्टसाठी वेगळं टेंडर, आणि तोवर मशीन बंद. मशीन बंद म्हणजे काय ते मी सांगते. सकाळी साडेआठला कॉरिडॉरमध्ये माणसं बसलेली असतात, कुणी पहाटेची एसटी धरून आलेलं, कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या मांडीवर फाईलची पिशवी. आणि आम्हाला जाऊन सांगायचं, आज होणार नाही, उद्या फोन करा. ते भांडत नाहीत, हेच जास्त लागतं. गुपचूप उठतात. पण कॅन्सरच्या पेशी थांबत नाहीत. घशा-तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचार जितके दिवस लांबतो तितके दिवस आजार आटोक्यात येण्याची शक्यता दिवसाला साधारण एक टक्क्याने किंवा जरा जास्तच घटते, हे जुनं आणि पक्कं संशोधन आहे. म्हणजे मशीन दहा दिवस बंद पडलं तर ते दहा दिवस हॉस्पिटलच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत, ते पेशंटच्या खात्यावर पडतात.

ब्रेकीथेरपीचं तर विचारूच नका. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून लाईट देऊन झाल्यावर आतून सोर्स ठेवून डोस द्यावा लागतो, त्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही. बऱ्याच मशीनमध्ये इरिडियम-192 असतं, त्याचं अर्धआयुष्य फक्त 74 दिवस, म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी नवा सोर्स. वर्षातून तीन-चार वेळा पैसे सोडावे लागतात. एकदा जरी हुकलं तरी ब्रेकी बंद, आणि बाईला अर्ध्या उपचारावर दुसऱ्या शहरात पाठवायचं. मला वाटतं जिथे दर तिमाहीला पैसे सुटतील याची खात्री नाही तिथे इरिडियमऐवजी कोबाल्टचं ब्रेकी मशीन घ्यावं, तो सोर्स काही वर्षं चालतो. खरेदी समितीत रोज हे मशीन वापरणारा माणूस बसलेला असेल तर तो हे पहिल्या मीटिंगमध्येच सांगेल.

आता सरकार पैसा देत नाही असं मी म्हणत नाही. देतंय. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली होती, त्यातून रेडिएशनचं पॅकेज मिळतं आणि हजारो कुटुंबं कर्जातून वाचलीत. पण पॅकेज हे झालेल्या उपचाराचं बिल असतं, त्यातून मशीन जिथे आधीच आहे तिथलंच मशीन चालतं. म्हणून पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथे खाजगी लिनॅक वाढत जातात, आणि गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या माणसाच्या हातात कार्ड असतं पण त्याला जायचं तिथेच. योजनेचा पैसा पेशंटच्या मागे येतो, मशीन कुठे लागावं हे तो ठरवत नाही. ते ठरवायला भांडवली खर्चच लागतो आणि तो सरकारनेच करायचा.

भांडवली खर्चाचीही योजना आहे. केंद्राने राज्य कॅन्सर संस्थेला 120 कोटींपर्यंत आणि त्याखालच्या केंद्राला 45 कोटींपर्यंत मदत ठरवली, केंद्र 60 राज्य 40. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल, जे 2012 मध्ये सुरू झालं, त्याला राज्य कॅन्सर संस्थेचा दर्जा मिळाला, आणि मराठवाड्यातल्या लोकांना त्याचा केवढा आधार झालाय हे तिथे जाऊन बघण्यासारखं आहे. पण हे अनुदान एकदाच मिळणारं. इमारत, बंकर (मशीनची जाड भिंतींची खोली), यंत्रं. पुढचा रोजचा खर्च राज्याने बघायचा, आणि राज्यात तो कुठल्या तरी सर्वसाधारण हेडखाली औषधं, लिफ्ट, झाडलोट यांच्याशी स्पर्धा करत बसतो.

दुसरीकडे हे कसं करतात तर इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने 2016 मध्ये 13 कोटी पौंड जुनी लिनॅक बदलायला नाहीतर सुधारायला काढले, साधारण दहा वर्षं झालेलं मशीन बदलायचं हा तिथला निकष. त्यांचंही सगळं आलबेल आहे असं नाही, मध्ये बरीच वर्षं त्यांनीही मशीन जुनी होऊ दिली होती, म्हणूनच तर एवढे पैसे एकदम काढावे लागले. आपल्या देशात आसामने वेगळा मार्ग धरला. तिथल्या सरकारने टाटा ट्रस्टबरोबर मिळून एकच मोठं हॉस्पिटल बांधण्याऐवजी जिल्ह्याजिल्ह्यांत कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं काढलं, 28 एप्रिल 2022 ला एकाच दिवशी सात हॉस्पिटलं सुरू झाली. दिब्रुगड, जोरहाट, तेजपूर, बारपेटा अशा ठिकाणी. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी गरीब राज्य आहे ते.

मशीन आलं तरी माणसांशिवाय ते कुलूपबंदच. एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. आधी जागेची आणि बंकरच्या नकाशाची मंजुरी, मग दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, मग मशीन बसवून फिजिसिस्टने सगळी मापं घ्यायची, मान्यताप्राप्त सुरक्षा अधिकारी हवा, मग लायसन्स, मग पहिला पेशंट. जुन्या कोबाल्टचा बंकर लिनॅकला सहसा पुरत नाही हेसुद्धा बऱ्याचदा ऑर्डर दिल्यावर लक्षात येतं. आणि पदं? फिजिसिस्ट कंत्राटी, टेक्नॉलॉजिस्ट कंत्राटी, अकरा महिन्यांचा करार, पगार खाजगीपेक्षा कितीतरी कमी. चांगलं शिकलेलं पोरगं वर्षभर अनुभव घेतं आणि निघून जातं, त्याला तरी दोष कसा देणार. मशीनची ऑर्डर आणि पदांची मंजुरी एकाच सहीने व्हायला पाहिजे.

प्रोटॉन, म्हणजे नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिल्या जाणाऱ्या रेडिएशनबद्दल, वाचकांच्या मनात प्रश्न असतो म्हणून लिहिते. चेन्नईत खाजगी प्रोटॉन सेंटर 2019 मध्ये सुरू झालं, आणि खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये सरकारी पैशातून उभं राहिलं, तिथे ऑगस्ट 2023 मध्ये पहिला पेशंट घेतला. एवढा पैसा एका मशीनवर कशाला, त्यात कितीतरी लिनॅक आली असती, असं म्हणणारे आहेत. मला तो खर्च योग्य वाटतो. लहान मुलांच्या मेंदूच्या आणि मणक्याच्या गाठींमध्ये आजूबाजूच्या भागाला कमी रेडिएशन जाणं म्हणजे त्या मुलाची उंची, बुद्धी, ऐकू येणं, पुढची साठ वर्षं. अशी सोय फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना असावी हे मला मान्य नाही. पण प्रोटॉनचं कौतुक करताना विदर्भातला साधा लिनॅक कॉन्ट्रॅक्टअभावी बंद असू नये, एवढंच.

अजून एक खर्च कुणीच धरत नाही, तो म्हणजे जुनं मशीन नीट निकाली काढायचा. ब्राझीलमध्ये गोइयानिया शहरात 1985 च्या अखेरीस एक खाजगी क्लिनिक दुसरीकडे गेलं आणि सिझियमचं जुनं रेडिओथेरपी मशीन पडक्या इमारतीत तसंच राहिलं. 1987 साली भंगारवाल्यांनी ते फोडलं, आतली चमकणारी पावडर घरोघरी गेली, चार जण मेले आणि एक लाख बारा हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे जुने सोर्स परत घ्यायची पद्धत आहे, पण त्यालाही पैसा लागतो, वाहतूक लागते, परवानगी लागते, आणि बंद पडलेल्या मशीनसाठी पैसा मागणं चालू मशीनपेक्षाही अवघड.

तर शासनाकडे मागणी अशी. कुठल्याही सरकारी दवाखान्याला लिनॅक मंजूर करताना त्याच आदेशात दहा वर्षांचा मेंटेनन्स धरा, टेंडरमध्येच कंपनीकडून तो दर लिहून घ्या, म्हणजे नंतर घासाघीस नको. ब्रेकीच्या आणि कोबाल्टच्या सोर्सला स्वतंत्र हेड द्या. राज्यातल्या प्रत्येक सरकारी मशीनचं वय, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतो आणि ते बदलायचं साल वैद्यकीय शिक्षण विभागाने दरवर्षी वेबसाईटवर टाकावं, आणि दर महिन्याला किती दिवस मशीन बंद होतं हे दवाखान्याच्या दारावरच्या बोर्डावर लिहावं. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवीन पैसा लागत नाही, लागतं ते आधी ठरवणं.

आणि आपल्या पेपरला एक विनंती. पुढच्या वेळी लिनॅकच्या लोकार्पणाला आपला वार्ताहर जाईल तेव्हा त्याने तिथल्या अधिष्ठात्यांना विचारावं की सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि फिजिसिस्टची किती पदं भरलीत, आणि जे उत्तर मिळेल ते फोटोखाली छापावं. मग ती तारीख आली की परत एकदा जाऊन यावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, अमरावती